सोळाव्या होलचे चार फटके

मी, महिपती रंगनाथ देवकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी व्यावसायिक गोल्फ आणि हल्ली गोळ्या खाणे, राहणार 'प्रेमला' बंगला, माळवाडी, हडपसर, पुणे, माझ्या माघारी काय व्हावे हे या कागदावर लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. जोया बागवान यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला तारीख आणि वार विचारला. मी तो सांगून वर माझ्या चौदा स्पर्धांचे निकाल सालासकट सांगितले, तेव्हा त्या "पुरे हो काका" म्हणाल्या. हात कापतो हे खरे, पण कापणाऱ्या हाताने लिहिलेले खोटे असते असे कुठे म्हटलेले नाही. स्थिर हाताने मी काय लिहून घेतले ते पुढे येईलच.

हा कागद माझ्याकडून कोणी धाकाने किंवा गोड बोलून करून घेतलेला नाही. घरात गोड बोलणारा एकच आहे, माझा मुलगा रणजित, आणि हे वाचल्यावर तोही गोड राहणार नाही. २०१६ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो.

मसुदा अ‍ॅड. उत्तरेश्वर मोहोळकर यांनी तपासला आहे आणि माझ्यामागे अंमलबजावणीही तेच करतील. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अहो देवकर, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत. कोणाला काय, एवढंच लिहायचं असतं." मी म्हटले, "कोणाला काय ते लिहायचं तर का ते लिहावंच लागेल. तुम्ही शुद्धलेखन बघा." तेव्हापासून ते शुद्धलेखन बघत आहेत.

कलम १. मी कोण

हडपसरच्या पलीकडे ज्याला सगळे टेकडी क्लब म्हणतात, त्या गोल्फच्या मैदानात साडेतीन एकर जमीन आमची होती. मैदान वाढवताना ती गेली आणि माझे वडील रंगनाथ यांना त्याच जमिनीवर माळ्याची नोकरी मिळाली. नवव्या होलचे ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचे ते कातरलेले गवत, ही आमची ज्वारीची पट्टी. वडिलांनी तिला तीस वर्षे पाणी घातले आणि तिच्यावर एकदाही पायात वहाण घालून गेले नाहीत. साहेब लोक खिळ्यांचे बूट घालून जात.

अकराव्या वर्षी मी तिथे कॅडी झालो. कॅडीने दुसऱ्याच्या क्लबांची, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्यांची, पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालायचे, हरवलेला चेंडू शोधायचा, आणि साहेबाचा फटका चुकला की शिव्या खायच्या. त्याच आठवड्यात नासिर तांबोळी लागला. तो येरवड्याहून सायकलवर यायचा, त्याच्या वडिलांची पानाची गादी होती. साहेबाने फेकून दिलेल्या एका मोडक्या क्लबाला नासिरने बाभळीचा दांडा बसवला आणि संध्याकाळी मैदान रिकामे झाले की आम्ही दोघे त्या एकाच क्लबावर शिकलो. एकाने मारायचे, दुसऱ्याने मोजायचे. झुडपामागे काय झाले ते मोजणाऱ्याला दिसत नसे, म्हणून होल संपला की तो विचारी, "किती?" आणि मारणाऱ्याने खरे सांगायचे. तिसरे कोणी बघायला नव्हते, म्हणून हा नियम आम्हीच केला होता. खेळाचा खरा नियमही तोच आहे हे नंतर कळले.

१९७४ साली आम्ही दोघे व्यावसायिक झालो. १९७७ ला बंगलोरची माझी पहिली स्पर्धा, उसन्या बुटांत आणि टाचेला फोड घेऊन जिंकलेली. १९८६ ला बँकॉक, अंगात ताप. १९८८ ला क्वालालंपूर, शेवटचे तीन होल उरले असताना तीन फटके मागे होतो आणि एकाने जिंकलो. सिंगापूरला एका फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला म्हणून मोटार मिळाली, पण मला चालवता येत नव्हती, म्हणून तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढला आणि विमानाने परत आलो. १९९१ ला सरकारी पुरस्कार. पेपरांत 'कॅडी ते चॅम्पियन' हा मथळा इतक्यांदा आला की मधली वीस वर्षे मी झोपलो होतो असे वाटावे.

चौदा विजेतेपदे, असे सगळीकडे लिहिलेले आहे. त्यांतली तेरा माझी आहेत. ती तेरा कोणालाही आठवत नाहीत. आठवते ते एकच, १९८४ चे, जे माझे नाही.

कलम २. बंगला

माझा स्वकष्टार्जित 'प्रेमला' बंगला, आवारातल्या दोन नारळांसह, मी माझी मुलगी तनुजा हिला देत आहे. आई अंथरुणावर होती तेव्हा तिने शाळेची नोकरी सांभाळून अडीच वर्षे आईचे सगळे केले, आणि आता माझे करते आहे. तिने काही मागितलेले नाही. मागितले असते तर कदाचित दिले नसते, माझा स्वभाव तिला ठाऊक आहे.

रणजितने या जागेवर बारा मजली इमारत बांधायचे ठरवले आहे. मी जिवंत असताना, मला न विचारता. इमारतीचे नाव 'चॅम्पियन ८४'. माहितीपत्रक छापून तयार आहे, त्यावर १९८४ चा चषक उचललेला माझा फोटो आणि खाली वाक्य, 'विजेत्याच्या अंगणात राहायला या'. मला दाखवून म्हणाला, "पप्पा, लेगसी आहे ही, तुमचा ब्रँड आहे." बैल विकताना शिंगांना रंग लावतात, तसा मला रंग लावला आहे.

सबब, या जागेवर बांधल्या जाणाऱ्या कुठल्याही इमारतीला, फाटकाला, लिफ्टला किंवा पोहण्याच्या तलावाला माझे नाव, माझा फोटो अथवा १९८४ हा आकडा देऊ नये. दिल्यास तनुजाने कोर्टात जावे आणि हे पान दाखवावे.

कलम ३. रणजित

मांजरी रोडचा प्लॉट चिरंजीव रणजित याने माझ्या हयातीतच आपल्या नावावर करून घेतला आहे. माझी सही त्याने मी दवाखान्यात सलाईनवर असताना घेतली. सही खरी आहे, ती मी नाकारत नाही. याखेरीज त्याला माझा एक हातमोजा द्यावा. गोल्फमध्ये एकाच हातात मोजा घालतात, तरी त्याने जोडीचा दुसरा शोधत कपाटे उचकू नयेत.

कलम ४. टेकडी क्लब

१९८४ च्या विजयानंतर क्लबाने माझा सत्कार केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढच्या दाराने आत गेलो. माझे वडील मागच्या दाराशी उभे होते. "आत या, दादा," मी म्हटले. ते म्हणाले, "नगं बाबा, माझी ड्युटी हाय." सेक्रेटरीसाहेब हसले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला आत घेऊन गेले. मी गेलो. मागे वळून बघितले नाही.

क्लबाच्या बारमध्ये माझे तैलचित्र आहे. ते उतरवून घ्यावे अशी माझी विनंती आहे. विनंती मानली नाही तर निदान त्याखालची पितळी पाटी काढावी, कारण तिच्यावर १९८४ हे साल आहे. तनुजाला तिथले लोक रक्षेबद्दल विचारतील, मोठा कार्यक्रम करू म्हणतील. माझी रक्षा नवव्या ग्रीनवर टाकू नये. त्या पट्टीत आमच्या घरातल्या एका माणसाचे आयुष्य गेले, तेवढे तिला पुरे.

कलम ५. नासिर

नासिर इमाम तांबोळी, येरवडा, याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. चेंडू ठेवायची लाकडी खुंटीसुद्धा नाही. हे वाचून लोकांना आनंद होईल, कारण चाळीस वर्षे मीच सगळ्यांना सांगत आलो की माझे यश नासिरला सोसले नाही, म्हणून त्याने बोलणे टाकले. मुलाखतीत सांगितले, लग्नाच्या पंगतीत सांगितले, माझ्या पोरांना सांगितले. ते खोटे आहे. खरे काय ते लिहितो.

कलकत्ता, डिसेंबर १९८४. अखिल भारत खुल्या स्पर्धेचा शेवटचा दिवस, आणि शेवटच्या जोडीत मी आणि नासिर. गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. माझे फटके नासिरने लिहायचे, नासिरचे मी लिहायचे. या लिहिणाऱ्याला मार्कर म्हणतात. शेवटी फटक्यांच्या कार्डावर खेळणाऱ्याची आणि मार्करची, दोघांची सही. आकडा खोटा निघाला तर खेळणारा बाद. मार्करला खोटे ठाऊक असून त्याने सही केली असेल तर तोही बाद. आणि स्वतःची चूक दुसऱ्याला दिसली नसली तरी स्वतःच सांगायची, ही या खेळाची रीत.

पंधरा होल झाले तेव्हा मी नासिरच्या एक फटका पुढे होतो. सोळाव्यावर माझा चेंडू झाडीत गेला आणि एका मोठ्या झाडाच्या मुळाला टेकून थांबला. तिथून तो ग्रीनवर जाणे शक्य नव्हते. मी क्लब चेंडूमागे टेकवला आणि चेंडू हलला. मुळावरून सुटून बोटभर सरकला आणि साफ गवतावर आला. असे झाले तर एक फटका दंड, आणि चेंडू उचलून पहिल्या जागी ठेवायचा. न ठेवता तसाच मारला तर दंड दोन फटके. लोक दूर दोरीपलीकडे होते. नासिर दहा पावलांवर होता.

मी मारला. चेंडू ग्रीनवर जाऊन पडला, टाळ्या झाल्या, होल चारात संपला. दंड धरला तर सहा.

ग्रीनवरून उतरताना नासिरने कार्ड आणि पेन्सिल काढली.

"महिपती, किती?"

"चार."

त्याने लिहिले नाही. दहा-वीस पावले चाललो.

"किती?"

"चार म्हटलं ना. बहिरा झालास का?"

सतराव्या होलवर माझी मारायची पाळी आली तेव्हा त्याने तिसऱ्यांदा विचारले. लहानपणी मोडक्या क्लबावर विचारायचा त्याच आवाजात. मी त्याच्या अंगावर ओरडलो, "लिही ना चार! का जीव खातोयस माझा?"

त्याने चार लिहिले.

मी एका फटक्याने जिंकलो. दुसरा नासिर. सहा लिहिले असते तर एका फटक्याने नासिर पहिला आला असता. तंबूत कार्डावर सही करताना त्याचा हात थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितले. मी पाणी पीत होतो. पाणी संपले तरी मी पेला तोंडाला लावून ठेवला. त्याने सही केली.

परतीच्या गाडीत तो नागपूरपर्यंत बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, "तू तुझं नाव घालवलंस ते घालव. माझी सही कशाला घालवलीस?" त्यानंतर त्याने एकही स्पर्धा खेळली नाही. माझ्यापेक्षा दीडपट चांगला खेळणारा माणूस येरवड्यात दुकान घालून बसला आणि लोकांचे मोडके क्लब दुरुस्त करू लागला. मला त्या विजयावर परदेशची आमंत्रणे आली. पुढचे सगळे, बँकॉक काय, क्वालालंपूर काय, त्याच दाराने आले. ते मी खरे खेळून जिंकले, पण दार खोटे उघडले होते.

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण हे मृत्युपत्र आहे, माफीनामा नव्हे. मला नासिरचा राग आहे. आजही आहे. त्याने डोळ्यांनी बघितले होते, सहा लिहायचा त्याला हक्क होता. लिहायचे होते! मी भांडलो असतो, त्याला खोटे पाडले असते, माझ्या बाजूने चार साहेब उभे राहिले असते, पण निदान एकदा काय ते होऊन गेले असते. त्याने माझ्यावर सोडले. मी सांगीन याची वाट बघत राहिला. असला विश्वास कोणी कोणावर टाकू नये. तो माझ्याने उचलला गेला नाही, आणि चाळीस वर्षे त्याचाच डूख धरून बसलो.

कलम ६. चषक

१९८४ चा चषक दिवाणखान्यातल्या कपाटात वरच्या फळीवर आहे. माझ्या पत्नीला, कै. प्रेमलाला, मी खरे त्याच वर्षी सांगितले होते. ती म्हणाली, "नासिरभावजींकडे जा आणि सांगा." मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने चषक खाली काढला आणि त्यात चिंच भरून ठेवली. पाहुणे आले की मी तो घासूनपुसून वर ठेवायचो, पाहुणे गेले की ती परत चिंच भरायची. असे वर्षभर चालले. शेवटी चांदीला काळे डाग पडले आणि ती दमली.

या चषकावरची माझ्या नावाची पट्टी काढून टाकावी. तिथे दुसऱ्या कोणाचेही नाव घालू नये. नासिरचेही नाही, कारण त्याला कोणी विचारलेले नाही आणि त्याच्या वतीने ठरवायचा उद्योग मी एकदा केला तेवढा पुरे. मोहोळकरांनी चषक आणि या मृत्युपत्राच्या कलम ५ ची प्रत स्पर्धेच्या आयोजकांना पाठवावी आणि रेकॉर्डमध्ये माझ्या नावापुढे 'बाद' लिहायला सांगावे. ते चषक घेणार नाहीत, पत्राला उत्तरही देणार नाहीत, ही माणसे मला माहीत आहेत. मग तनुजाने चषकात पुन्हा चिंच भरावी.

कलम ७. हत्यारे

माझे क्लब, एकूण चौदा, शाळेत मुलांना खेळ शिकवायला तनुजाने वापरावेत. पितळी पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू खळग्यात ढकलायचा क्लब, मात्र तिने स्वतः ठेवावा. १९८१ साली त्याला दांडा नासिरने बसवला होता आणि माझी तेराही विजेतेपदे त्याच पटरने, किंवा त्याआधीच्या बाभळीच्या सवयीने, झाली आहेत. तनुजा सध्या त्याने पंख्यावरची जळमटे काढते. काढू दे, दांडा अजून हललेला नाही.

कलम ८. डबा

स्वयंपाकघरात एक स्टीलचा तीन पुडांचा डबा आहे. झाकणावर नाव कोरलेले आहे, 'मेहरुन ना. तांबोळी'. मेहरुन म्हणजे नासिरची बायको. आम्ही दोघे बोलत नव्हतो, पण बायकांनी आम्हाला विचारले नाही. दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा. डबा घेऊन प्रेमला स्वतः बसने येरवड्याला जायची, नाहीतर मेहरुनवहिनी इकडे यायच्या. मी शीरखुर्मा खायचो. नासिर चकल्या खात होता की नाही हे मी कधी विचारले नाही.

२०१९ च्या ईदला आलेला डबा परत जायच्या आधी प्रेमला गेली. तो तेव्हापासून इथेच आहे. मेहरुनवहिनी मातीला आल्या तेव्हाही त्यांनी मागितला नाही. हा डबा मी मृत्युपत्राने देत नाही, तो त्यांचाच आहे. माझ्यामागे तनुजाने तो परत करावा. आपल्या घराची रीत तिला ठाऊक आहे, डबा रिकामा जाता कामा नये.

कलम ९. साक्षीदार

या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. एक डॉ. जोया बागवान. दुसरी सही मला नासिरची हवी आहे.

मी आधी चषक आणि पटर नासिरला द्यायचे लिहिले होते. मोहोळकर म्हणाले, "एक तर वस्तू द्या, नाहीतर सही घ्या. साक्षीदाराला काही मिळालं की उद्या रणजितचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतील." मी रात्रभर विचार केला नाही, तिथल्या तिथे सांगितले, वस्तू काढा. त्याला वस्तू नको आहेत. त्याची सही मी एकदा खोट्या कागदावर घेतली, आता खऱ्या कागदावर घ्यायची आहे. कलम ५ मध्ये त्याला काहीही नाही याचे कारण एवढेच.

मोहोळकरांनी शेजारच्या कोणाला तरी तयार ठेवू म्हटले. मी नको म्हटले. नासिरची सही नसेल तर माझीही नाही. मग हा कागद रद्दी होईल, २०१६ चेच मृत्युपत्र लागू राहील, बंगल्यात रणजितचा वाटा निघेल, 'चॅम्पियन ८४' उभी राहील आणि तनुजा भाड्याच्या घरात जाईल. तनुजा हे ऐकून रडली. म्हणाली, "बाबा, तुमच्या हट्टापायी मी का रस्त्यावर?" तिचे बरोबर आहे. पण मार्करशिवाय कार्ड देता येत नाही, आणि माझा मार्कर एकच होता.

तनुजा गेल्या आठवड्यात येरवड्याला त्याच्या दुकानात जाऊन आली. त्याने क्लबाला सरस लावता लावता ऐकून घेतले आणि म्हणाला, "आधी कागद वाचीन." येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मंगळवारी अकरा वाजता डॉक्टर आणि वकील येणार आहेत. तो येईल की नाही मला ठाऊक नाही.

पुरवणी, सह्यांनंतर हाताने लिहिलेली

आज मंगळवार. नासिर साडेबाराला आला. चाळीस वर्षांनी माझ्या दारात. केस सगळे गेले आहेत, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मी "ये" म्हटले. त्याने मान हलवली आणि कागद मागितला.

मोहोळकर म्हणाले, "साक्षीदारानं मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. सही तुमच्यासमोर झाली एवढं पुरतं." नासिर म्हणाला, "मला पुरत नाही." पाऊण तास वाचत बसला. पान उलटताना बोट ओले करायची सवय तशीच आहे. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितले. तनुजाने ठेवलेल्या चहावर साय धरली.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बोटभर नाही. दोन बोटं हलला होता."

मी म्हटले, "असेल."

"असेल नाही. दोन बोटं."

सबब, कलम ५ मध्ये 'बोटभर' आहे तिथे 'दोन बोटे' असे वाचावे.

मग त्याने पेन उघडले, सहीच्या जागेवर धरले आणि थांबला. माझ्याकडे बघितले. या वेळी माझ्या हातात पेला नव्हता.

"महिपती, सोळाव्यावर किती?"

तनुजा पाणी घेऊन आली, मी तिला हाताने थांबवले.

"सहा."

"किती?"

"सहा, नासिर. सहा होते."

त्याने कलम ५ च्या समासात ६ हा आकडा लिहिला. मग म्हणाला, "आधी तू कर." मी सही केली, त्यांच्या सगळ्यांच्या देखत, आणि मग त्याने केली. मी त्याला थोडे बस म्हटले. "दुकान उघडं टाकून आलोय," तो म्हणाला. चहा घेतला नाही. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तनुजाला म्हणाला, "तो डबा आजच दे, बेटा. मेहरुनला तुझ्या बापाच्या मयताची वाट बघायला लावू नको." तनुजाची धांदल उडाली. घरात फराळ नव्हता, तिने तीनही पुडांत शेंगदाण्याचे लाडू भरले, जे माझ्यासाठी होते. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

कलम ८ चा डबा परत गेला असल्याने ते कलम आता लागू नाही. बाकी सर्व कायम.

हा कागद मी पूर्ण वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष त्यावर सही केली आहे. आता यात मला काही घालायचे नाही आणि काही लपवायचे उरलेले नाही.

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणारा: महिपती रंगनाथ देवकर (सही)

साक्षीदार १: डॉ. जोया बागवान (सही)
नाते: वैद्यकीय सल्लागार

साक्षीदार २: नासिर इमाम तांबोळी, येरवडा, वय ७४, धंदा क्लब दुरुस्ती (सही)
नाते: मार्कर

टीप: साक्षीदार २ च्या नावापुढे नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' असे टाइप करून घेतले होते. साक्षीदाराने तो शब्द स्वतः खोडून वरीलप्रमाणे लिहिले. खाडाखोड एक. मला मान्य.

म. रं. देवकर